पशू, पाखरू आणि जनावर : पक्षी व सरीसृप यांच्या चिकित्सेतील काही मराठी शब्द

देवणी हे नाव महाराष्ट्रात परिचित आहे ते मुख्यतः तेथील गोवंशामुळे. लातूर जिल्ह्याच्या पूर्व बाजूस, कर्नाटकाच्या सीमेलगत वसलेल्या या गावाचे नाव ज्या जातीस लाभले, ती दूध आणि औत या दोन्ही कामांस उपयोगी पडणारी जात होय. तिच्या पोटभेदांची नावेच भाषाभ्यासकाचे लक्ष वेधून घेतात. अंगाने पांढरा परंतु तोंडाच्या बाजूंना काळा तो ‘वानेरा’, पांढराशुभ्र तो ‘बालंक्या’, आणि पांढऱ्यावर काळे वेडेवाकडे ठिपके असलेला तो ‘शेवरा’. वानेरा या नावामागे काळतोंड्या वानराची प्रतिमा असावी, हे सहज ध्यानात येते. जेथे वर्णभेदाची एवढी बारकाई आहे तेथे रोगभेदाचीही असणारच. लाळ-खुरकूत, फऱ्या, फाशी, घटसर्प ही नावे या भागातील शेतकऱ्याच्या तोंडी असतात, आणि त्यांपैकी प्रत्येकाबरोबर एक निश्चित चित्र त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहते.

त्याच शेतकऱ्याच्या परसातील कोंबडी आजारी पडली म्हणजे मात्र भाषा एकाएकी दरिद्री होते. कोंबडी ‘पेंगते’, ‘मलूल होते’, ‘पंख टाकते’, आणि एकीमागून एक मरू लागल्या की ‘मर आली’. रोगाची नावे दोन-तीन, तीही बहुधा माणसाच्या वा गुरांच्या रोगांवरून उसनी आणलेली. साप, घोरपड, कासव यांच्या आजारांस तर लोकभाषेत नावच आढळत नाही. हे दारिद्र्य कोठून आले आणि त्याचा चिकित्सेवर कोणता परिणाम होतो, याचा विचार येथे करावयाचा आहे. प्रश्न शब्दांचा असला तरी त्यात गुंतलेले हित शब्दांपुरते मर्यादित नाही, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

प्रारंभ ‘पशुवैद्यक’ या शब्दापासूनच करणे सोयीचे. ‘पशु’ हा शब्द संस्कृतात सामान्यतः पाळीव, बांधून ठेवण्याजोग्या चतुष्पादास लावला जाई. लॅटिनमधील ‘पेकू’ म्हणजे गुरेढोरे हा त्याचाच सगोत्र शब्द. इंग्रजीतील ‘व्हेटरिनरी’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ ओझ्याची जनावरे असाच आहे. म्हणजे पूर्वेकडील आणि पश्चिमेकडील दोन्ही संज्ञांनी वैद्याच्या दारातून आत येणाऱ्यांची यादी प्रथमपासूनच ठरवून टाकली होती. बैल, घोडा, गाय यांना त्या दारातून प्रवेश आहे. पंखांचा प्राणी आणि सरपटणारा प्राणी बाहेर आहेत. ‘पक्षी’ म्हणजे पक्ष असलेला आणि ‘सरीसृप’ म्हणजे सरपटत जाणारा. ‘सर्प’ हा शब्दही त्याच ‘सृप्’ धातूपासून निघाला आहे. या दोहोंची नावे त्यांच्या गतीवरून वा अवयवावरून पडली. माणसाशी असलेल्या संबंधावरून पडली नाहीत. पशूचे नाव मात्र या संबंधाने रंगलेले आहे.

संस्कृतातील चिकित्साग्रंथांची परंपरा याच रेषेने चालते. अश्वासाठी शालिहोत्र, हत्तीसाठी पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद. पक्ष्यांपैकी हा मान मिळाला तो शिकारी ससाण्यास. कुमाऊँचा राजा रुद्रदेव याच्या नावे असलेल्या ‘श्यैनिकशास्त्र’ या ग्रंथात ससाण्यांची जोपासना आणि त्यांच्या रोगांवरील उपचार सांगितले आहेत. हरप्रसाद शास्त्री यांनी तो १९१० साली कलकत्त्याहून प्रकाशात आणला. फारसीतील बाजनामे याच जातीचे. राजाच्या मुठीवर बसणाऱ्या पाखरासाठी शास्त्र निर्माण झाले, परंतु म्हातारीच्या डालग्याखाली बसणाऱ्या कोंबडीसाठी झाले नाही. शालिहोत्र या नावापासून उर्दूत ‘सलोतरी’ हा घोड्यांच्या वैद्याचा वाचक शब्द बनला. देवणीचा परिसर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, बिदर जिल्ह्यातील उदगीर तालुक्यात मोडत असे. १९५६ च्या पुनर्रचनेनंतर तो उस्मानाबादेस जोडला गेला आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा स्वतंत्र झाल्यावर त्यात आला. राजवटीबरोबर दवाखान्याच्या पाटीवरील भाषा बदलली. पाटीमागची समजूत, म्हणजे हा दवाखाना गुरांचा आहे ही, बरीचशी तशीच राहिली. आजही गावात पशुवैद्यकास ‘गुरांचा डॉक्टर’ असेच म्हणतात आणि कोंबडी काखोटीस मारून त्याच्याकडे जाण्यात काहीसा संकोच वाटतो.

आता पक्ष्यांच्या रोगनामांकडे वळू. त्यांत सर्वांत प्रचलित आणि अभ्यासाच्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक शब्द ‘मानमोडी’ हा होय.

या रोगात कोंबडी प्रथम सुस्त होते, चोच उघडून श्वास घेते, हिरवट पातळ विष्ठा टाकते. त्यातून जी काही दिवस टिकते तिच्या मज्जासंस्थेवर आघात होऊन मान पिळवटल्यासारखी एका बाजूस किंवा मागे वळते. नाव या शेवटच्या लक्षणावरून पडले. मराठीत मानेशी मृत्यूचे साहचर्य जुने आहे. ‘मान टाकणे’ याचा अर्थच मरणे. तेव्हा ‘मानमोडी’ या शब्दात वळलेल्या मानेचे वर्णन आणि मरणाची सूचना ही दोन्ही एकवटलेली आहेत.

शास्त्रीय वाङ्मयात याच रोगास ‘राणीखेत’ म्हणतात. १९२६ च्या सुमारास जावा बेटात आणि इंग्लंडातील न्यूकॅसल येथे कोंबड्यांची एक भयंकर साथ उद्भवली. डॉइल या संशोधकाने १९२७ मध्ये तिला न्यूकॅसलचे नाव दिले. त्यानंतर लवकरच हिमालयातील राणीखेत येथे एडवर्ड्स यांना तोच रोग आढळला आणि भारतात राणीखेत हे नाव रूढ झाले. एकाच विषाणूस दोन गावांची नावे चिकटली ती अशी. स्थलनामावरून रोगाचे नाव ठेवण्याची ही पद्धत पुढे गैरसोयीची ठरली. माणसांच्या नव्या रोगांना गावांची किंवा प्राण्यांची नावे देऊ नयेत अशी सूचना जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये केली. राणीखेतच्या रहिवाशांस अर्थातच तिचा काही उपयोग झाला नाही.

कुक्कुटपालनाच्या मराठी पुस्तिका ‘राणीखेत अथवा मानमोडी’ असे लिहितात. या ‘अथवा’मध्ये सगळी अडचण साठलेली आहे. ‘राणीखेत’ हे एका विशिष्ट विषाणूमुळे होणाऱ्या रोगाचे नाव, तर ‘मानमोडी’ हे एका दृश्याचे नाव. मान वळण्याचे लक्षण राणीखेतात दिसते हे खरे. परंतु ते जीवनसत्त्वांच्या काही अभावांतही दिसते, आणि तीव्र बर्ड फ्लूमध्येही दिसते. उलट, राणीखेतातील पुष्कळ कोंबड्या मान वळण्यापूर्वीच मरतात. अर्थाच्या परिभाषेत सांगावयाचे तर या दोन शब्दांची व्याप्ती एकमेकींस छेदते, परंतु एक दुसरीत सामावत नाही. पुस्तिका मात्र त्यांस समानार्थक मानून मोकळ्या होतात.

याचा परिणाम लसीच्या वेळी जाणवतो. राणीखेतावर चांगल्या लसी आहेत. पिलू पाच ते सात दिवसांचे असता ‘लासोटा’ जातीच्या लसीचा थेंब डोळ्यात अथवा नाकपुडीत घालतात; सहा ते आठ आठवड्यांनी ‘आर-२-बी’ ही लस सुईने देतात. आता समजा, एखाद्या बाईने आपल्या वीस कोंबड्यांना ‘मानमोडीची लस’ दिली आणि पुढे दुसऱ्याच कारणाने त्यांच्या माना वळून त्या मेल्या. तिच्या भाषेत घडले ते एवढेच की, मानमोडीची लस दिली आणि मानमोडी झाली. लस खोटी ठरली. तिचा निष्कर्ष तिच्या शब्दांवरून अगदी तर्कशुद्ध आहे. चूक तिला शब्द पुरविणाऱ्यांची आहे. यात आणखी एक बारकावा असा की, मराठीत लस ‘टोचतात’. डोळ्यात घातलेला थेंब टोचणे या क्रियापदात बसत नाही. ‘लस टोचली का?’ या प्रश्नास ‘नाही’ असे प्रामाणिक उत्तर येऊ शकते आणि दप्तरात तशी नोंदही होऊ शकते. ‘लस’ या शब्दाचा मूळ अर्थ जखमेतून पाझरणारे पाणी, हेही येथे स्मरावे. तो द्रव सुईने आत घालण्याची कल्पना देवीच्या रोगाबरोबर आली आणि तेव्हापासून लस व टोचणे यांची जोडी जुळली ती जुळलीच.

‘मानमोडी’चा इतिहास येथे संपत नाही. १९१८ साली इन्फ्लुएन्झाची जागतिक साथ मुंबई बंदरातून भारतात शिरली आणि महाराष्ट्रात खेडोपाडी पसरली. त्या साथीस मराठी माणसांनी जे नाव दिले तेही ‘मानमोडी’च. जुन्या पिढीच्या आठवणींत ‘मानमोडीचे साल’ अशी कालगणना आढळते ती याच साथीची. म्हणजे एकच शब्द माणसाच्या इन्फ्लुएन्झास आणि कोंबडीच्या राणीखेतास लागू झाला. हे दोन्ही विषाणू वेगळ्या कुळांतले. तेव्हा शास्त्राच्या दृष्टीने ही सरमिसळ म्हणावी लागेल. परंतु १९१८ च्या विषाणूच्या जनुकीय रचनेचे वाचन २००५ मध्ये पूर्ण झाले, तेव्हा त्या विषाणूचे पक्ष्यांतील इन्फ्लुएन्झाशी जवळचे नाते असल्याचे मत संशोधकांनी मांडले. माणूस आणि पाखरू यांना एका शब्दात बांधणाऱ्या लोकभाषेस याची काहीच कल्पना असण्याचे कारण नव्हते, आणि या योगायोगावर कोणताही सिद्धान्त उभारू नये. तरीही तो नमूद करण्याजोगा आहे खास.

असाच गोंधळ, किंबहुना याहून अधिक गुंतागुंतीचा, ‘घटसर्प’ या शब्दाभोवती आहे. माणसात घटसर्प म्हणजे घशात पडदा धरणारा, बालकांचा प्राण घेणारा रोग. गुरांत घटसर्प म्हणजे पावसाळ्यात उद्भवणारा, गळ्यास सूज आणून श्वास घरघरविणारा रोग. गळा आणि गुदमरणे ही लक्षणे समान, म्हणून नाव समान. जंतू मात्र अगदी भिन्न. आता कोंबड्यांच्या ‘पटकी’कडे पाहावे. हा रोग झपाट्याने मारतो आणि त्यात हगवण असते, एवढ्या साम्यावर माणसाच्या पटकीचे म्हणजे कॉलऱ्याचे नाव त्यास मिळाले. माणसाच्या पटकीच्या जंतूशी त्याचा काहीएक संबंध नाही. मौज अशी की, कोंबडीची पटकी आणि गुरांचा घटसर्प ह्या दोहोंचे कारण एकाच जातीचा जंतू आहे. त्याचे शास्त्रीय नाव ‘पाश्चुरेला मल्टोसिडा’. लुई पाश्चर यांनी १८८० च्या सुमारास कोंबड्यांच्या पटकीवर केलेल्या प्रयोगांतूनच दुर्बल केलेल्या जंतूंची लस ही कल्पना प्रयोगशाळेत सिद्ध झाली, म्हणून जंतूस त्यांचे नाव. अर्थात जात एक असली तरी दोहोंचे प्रकार वेगळे आहेत, आणि गुरांची घटसर्पाची लस कोंबड्यांस चालत नाही.

येथे मांडणी ध्यानात घ्यावी. माणसाचा आणि गुराचा घटसर्प : नाव एक, कारणे दोन. गुराचा घटसर्प आणि कोंबडीची पटकी : नावे दोन, जंतूची जात एक. माणसाची आणि कोंबडीची पटकी : पुन्हा नाव एक, कारणे दोन. लोकभाषा लक्षणावरून वर्ग पाडते आणि शास्त्र कारणावरून. दोन्ही वर्गीकरणे आपापल्या परीने सुसंगत आहेत. शेतकऱ्यास अज्ञानी म्हणणे जितके चूक, तितकेच लोकनामांत गूढ शहाणपण शोधणेही चूक.

कोंबड्यांच्या ‘देवी’बद्दल थोडक्यात सांगितले तरी पुरे. तुऱ्यावर आणि चोचीखालच्या लोंबत्या मांसल भागावर फोड येऊन खपली धरते, म्हणून ती देवी. माणसातील देवीच्या विषाणूचे निर्मूलन झाले आणि भारत देवीमुक्त असल्याचे १९७७ मध्ये जाहीर झाले. कोंबडीच्या देवीचा विषाणू निराळा. डासांच्या दंशाने तो पसरतो, आणि त्यावरील लस पंखाच्या पातळ पडद्यात टोचतात. माणसाच्या देवीबरोबर जे आदरार्थी बहुवचन आणि जी भीती चालत आली (‘देवी आल्या’, औषध देऊ नये), तिचा काही अंश हा शब्द कोंबडीच्या खुराड्यातही घेऊन गेला असल्यास नवल नाही.

या सर्व चर्चेस निकड आली ती बर्ड फ्लूमुळे. भारतात कोंबड्यांतील या रोगाचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे नोंदला गेला. जानेवारी २०२१ मध्ये तो मराठवाड्यात आला. परभणी जिल्ह्यातील मुरुंबा आणि लातूर जिल्ह्यातील अहमदपूर तालुक्यातील केंद्रेवाडी ही नावे तेव्हा वृत्तपत्रांत झळकली. जानेवारी २०२५ मध्ये देवणीच्या अगदी शेजारी, उदगीर शहरात कावळे मरून पडू लागले. पन्नासच्या आसपास कावळे मेले आणि भोपाळ येथील उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेने ‘एच५एन१’ विषाणूचे निदान केले. त्याच महिन्यात अहमदपूर तालुक्यातील ढाळेगाव येथे एका कुक्कुटशाळेत सुमारे ४,२०० पिले मेल्याची नोंद झाली.

बर्ड फ्लू आणि राणीखेत डोळ्यांनी वेगळे ओळखता येत नाहीत, हा मुद्दा येथे निर्णायक आहे. दोहोंत अचानक मृत्यू, दोहोंत श्वासाचा त्रास, दोहोंत मान वळणे. तुरा निळाकाळा पडणे आणि पायांवर रक्ताळ डाग दिसणे ही बर्ड फ्लूची चिन्हे म्हणून सांगितली जातात, परंतु केवळ तेवढ्यावर कोणीही जाणता पशुवैद्यक निदान करणार नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी. राणीखेत निघाल्यास उरलेल्या कोंबड्यांना लस देण्याचा विचार करता येतो. बर्ड फ्लू निघाल्यास भारताचे धोरण वेगळे आहे : एक किलोमीटर परिघातील कोंबड्या नष्ट करणे आणि दहा किलोमीटरपर्यंत देखरेख ठेवणे. शासनाने नष्ट केलेल्या कोंबड्यांची भरपाई मिळते. त्यापूर्वी रोगाने मेलेल्यांची साधारणतः मिळत नाही. तेव्हा ‘मानमोडीच असेल’ असे म्हणून चार दिवस वाट पाहणाऱ्या कुटुंबाचे नुकसान दुहेरी होते, आणि मेलेल्या कोंबड्या हाताळणाऱ्या बायकांच्या आरोग्यास धोका असतो तो निराळाच.

प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांसंबंधीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्याने अनुसूचित रोगाचा संशय येताच तो कळविणे मालकावर बंधनकारक केले आहे. परंतु कायदा रोगांची यादी देतो आणि खेड्यातील माणूस दृश्य सांगतो. त्याच्या ‘मर आली’ या वाक्यात कोणत्याही रोगाचे नाव नाही, म्हणून ते वाक्य निरुपयोगी समजले जाण्याचा संभव असतो. वस्तुतः प्रथम वर्दी म्हणून ‘मर’ हा शब्द ‘मानमोडी’पेक्षा श्रेष्ठ आहे. लातूर भागात तुरीवरही मर येते. झाडे उभ्या उभ्या वाळतात. एक-दोन मेल्याने मर होत नाही. थोड्या अवधीत, एका जागी, पुष्कळांचे मरण, एवढाच या शब्दाचा अर्थ; तो कारणाविषयी कोणताही दावा करीत नाही. साथरोगाच्या नोंदीस आरंभी जे हवे असते ते नेमके हेच. उलट ‘मानमोडी’ हा शब्द अर्धे निदान करून टाकतो आणि ऐकणाऱ्याच्या मनात ‘अथवा’च्या वाटेने ‘राणीखेत’ उमटते. उदगीरच्या कावळ्यांच्या बाबतीत ही अडचण आलीच नाही, कारण कावळ्याच्या रोगास मराठीत नावच नाही. कावळे मरत आहेत, एवढेच सांगता येण्यासारखे होते, आणि तेवढे पुरेसे ठरले.

पक्ष्याची चिकित्सा गुरांच्या चिकित्सेहून वेगळी का, याचे एक शारीरिक कारण सांगणे येथे अगत्याचे आहे. पक्ष्यास छाती व पोट यांमधला श्वासपटल नसतो. फुप्फुसे जवळजवळ स्थिर असतात आणि त्यांना जोडलेल्या वायुकोशांच्या (बहुतेक पक्ष्यांत ते नऊ असतात) भात्यामुळे हवा खेळते. त्यासाठी उरोस्थीची पुढे-मागे हालचाल व्हावी लागते. म्हणून घाबरलेले पाखरू प्रेमाने मुठीत घट्ट धरणे म्हणजे त्यास गुदमरविणे होय. शिवाय पक्षी आजार लपवितो. कळपातील दुबळे पाखरू शिकाऱ्याच्या नजरेस प्रथम पडते, म्हणून शक्ती असेपर्यंत ते निरोग्यासारखे वावरते. ‘कालपर्यंत चांगली होती’ हे कोंबडीविषयीचे नेहमीचे वाक्य याच कारणाने खरे असते आणि दिशाभूल करणारेही असते. पिंजऱ्यातील पोपटाची कथा आणखी निराळी. आपल्याकडील पोपट पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे. त्यामुळे ‘राघू’ आजारी पडला तरी त्यास उघडपणे दवाखान्यात नेण्याचे धैर्य मालकास होणे कठीण.

सरीसृपांकडे आले म्हणजे भाषेचे वर्तन पालटते. येथे प्रश्न नावांच्या घोटाळ्याचा नसून नाव टाळण्याचा आहे. रात्री सापाचे नाव घेऊ नये म्हणून खेड्यात ‘लांबडं’ म्हणतात. साप चावला न म्हणता ‘पान लागलं’ म्हणतात. आणि ‘गोठ्यात जनावर निघालं’ असे कोणी सांगितले तर ऐकणारा गाय शोधीत नाही, काठी शोधतो. ‘जनावर’ हा फारसी शब्द मुळात केवळ प्राणधारी या अर्थाचा. मराठीत त्याचे दोन अर्थ परस्परांपासून दूर गेले : दिवसा, दाव्यास बांधलेले ते गुरू, रात्री, अडगळीत दिसलेले तो साप. जनावरांच्या दवाखान्यात सापास प्रवेश आहे काय, या प्रश्नाचे उत्तर कोश ‘होय’ असेच देईल.

व्यवहारात तो प्रवेश अलीकडे मिळू लागला आहे. नांगराचा फाळ, खोदाईचे यंत्र, मासेमारीचे अथवा बागेवरील जाळे यांमुळे जखमी झालेले साप ‘सर्पमित्र’ पशुवैद्यकाकडे आणतात. ‘सर्पमित्र’ हा सामासिक शब्द जुन्या मराठीच्या कानास चमत्कारिक वाटला असता. आज तो ग्रामीण भागात सर्वतोमुखी आहे. देवणीकरांना जवळ असलेले उदगीरचे पशुवैद्यक महाविद्यालय १९८७ पासून चालू आहे आणि आता महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे. परंतु पशुवैद्यकाच्या शिक्षणाचा मुख्य भर गाय, म्हैस, शेळी, कुत्रा, कोंबडी यांवर असणे स्वाभाविक आहे, आणि सापाची जखम शिवताना गुरांवरून केलेले अनुमान फसण्याचा संभव असतो.

ते कसे, हे दोन उदाहरणांनी स्पष्ट होईल. सरीसृप स्वतःच्या देहाची उष्णता स्वतः राखीत नाही. ती तो भोवतालातून घेतो. थंड पडलेल्या सापाचे पचन मंदावते, रोगप्रतिकार मंदावतो आणि दिलेले औषधही मंद गतीने पसरते. हिवाळ्यातील रात्री आणलेल्या सापास प्रथम बेताची ऊब देणे हा उपचाराचा पूर्वभाग नसून उपचारच होय. दुसरे, सरीसृपाच्या शरीराच्या मागील भागातील रक्त हृदयाकडे परतताना मूत्रपिंडांतून जाऊ शकते. तेथे सुईने दिलेले औषध अंगभर पसरण्यापूर्वीच बाहेर टाकले जाण्याचा अथवा मूत्रपिंडांस इजा करण्याचा धोका असतो. म्हणून सुई शरीराच्या पुढील अर्ध्या भागात द्यावी असा संकेत आहे. बैलास मागच्या पुठ्ठ्यात सुई देण्याची सवय जडलेल्या हातास हा संकेत मुद्दाम शिकावा लागतो.

भाषेने सरीसृपांस केलेली इजाही दुर्लक्षिण्याजोगी नाही. मांडूळ हा बिनविषारी, मातीत राहणारा साप. त्याचे शेपूट बोथट, म्हणून लोकांनी त्यास ‘दुतोंड्या’ म्हटले. नावाने तोंड दिले आणि त्या तोंडाच्या भोवती गुप्तधनाच्या व औषधी गुणांच्या कथा जमल्या. त्यांतून चोरटा व्यापार वाढला. शेपटीस खरोखरीच तोंडाचा आकार यावा म्हणून तिला जखमा केल्याची उदाहरणेही नोंदलेली आहेत. नागपंचमीचे दूध ही दुसरी गोष्ट. साप दूध पितो असे आपण म्हणतो, परंतु रूढ क्रियापद ‘पाजणे’ हे आहे, आणि प्रयोजक रूपच येथे अधिक सत्य सांगते. पिण्याची क्रिया सापाची नसून पाजणाऱ्याची आहे. अनेक दिवस तहानेला ठेवलेला साप समोर आलेला कोणताही द्रव घेतो. दूध पचविण्याची सोय त्याच्या देहात नाही, आणि ते श्वासमार्गात गेल्यास फुप्फुसाचा दाह होऊन तो मरतो. दात काढलेल्या, तोंड शिवलेल्या नागांच्या तोंडातील कुजलेल्या जखमा हा सर्पचिकित्सेतील एक नेहमीचा अध्याय आहे.

कासवाची स्थिती किंचित बरी, कारण देवळासमोर दगडाचे कासव असते आणि विहिरीत जिवंत कासव सोडण्याची चाल आहे. तथापि घरात टोपल्याखाली, अंधारात, भात आणि पोळी खाऊन राहिलेल्या कासवाचे कवच मऊ पडते. कारण चुन्याचा आणि उन्हाचा अभाव. मुलांच्या मुडदुसाचेही कारण जवळजवळ हेच. पण कासवास मुडदूस झाला असे मराठीत कोणी म्हणत नाही. पाठीस टणक समजण्याची सवय एवढी दृढ असते की, ती मऊ झाल्याचे पुष्कळदा कोणी चाचपूनही पाहत नाही.

सरीसृपाच्या देहव्यापारांपैकी एकाच गोष्टीस मराठीने उदारपणे शब्द दिला आहे, ती म्हणजे ‘कात’. ‘कात टाकणे’ हा वाक्प्रचार माणसांना, संस्थांना, शहरांनासुद्धा लावला जातो आणि त्यात नेहमी नवेपणाचा, टवटवीचा भाव असतो. आजारी सापास मात्र कात नीट टाकता येत नाही. हवेत ओलावा कमी असला, पोषण कमी पडले किंवा अंगावर जखम अथवा गोचिड्या असल्या तर ती तुकड्यातुकड्यांनी सुटते, शेपटीच्या टोकास आवळून बसते, डोळ्यांवरील पारदर्शक आवरण तसेच राहून साप अर्धवट आंधळा होतो. तो अंगावर येऊ लागतो तो बहुधा दिसत नाही म्हणून. अशा वेळी कात ओढून काढणे घातक. ओलसर कापडात किंवा कोमट पाण्यात त्यास काही काळ ठेवून ती आपोआप सैल होऊ द्यावी लागते. या अवस्थेस शास्त्रात लांबलचक ग्रीक नाव आहे, आणि मराठीत त्याचा संस्कृत प्रतिशब्द घडविण्याचा मोह कोणास तरी होईलच. सर्पमित्रास आणि डॉक्टरास एकमेकांशी बोलताना ‘कात अडकली’ एवढे म्हणणे पुरते. आणि ‘डोळ्यावर अडकली की शेपटीवर?’ हा पुढचा प्रश्न त्यातून सहज निघतो.